गटारातील सोयरीक

प्रतिजैविके निकामी होत चालल्याचा विषय निघाला, की आपल्याकडे आरोपीच्या पिंजऱ्यात एक ठरलेला माणूस उभा केला जातो. पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिलेल्या असताना दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात टाकणारा रुग्ण, हा तो माणूस. त्याच्या शेजारी कधी चिठ्ठीवाचून औषध देणारा दुकानदार उभा राहतो, तर कधी साध्या पडशालाही भारी गोळी लिहिणारा डॉक्टर. व्याख्याने, भित्तिपत्रके, शाळांतील निबंधस्पर्धा, सगळ्यांचा रोख या तिघांवर. हे तिघे निर्दोष आहेत असे मला म्हणायचे नाही. परंतु हा खटला घटनास्थळाचा पंचनामा न करताच चालला आहे, अशी माझी तक्रार आहे. ते घटनास्थळ रुग्णाच्या फडताळात नाही. ते त्याच्या घरामागच्या गटारात आहे. असे मी का म्हणतो, हे सांगण्यासाठी आधी एका तापाची हकीकत सांगावी लागेल.

सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात नोव्हेंबर २०१६ पासून विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, काही निराळेच रुग्ण दिसू लागले. जुनी माणसे ज्याला मुदतीचा ताप म्हणत, तोच हा ताप. पण नेहमीच्या औषधांनी तो हटेना. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही जुनी औषधे त्या भागात आधीच निष्प्रभ झाली होती. सिप्रोफ्लॉक्सासिनचीही तीच गत. आता भरवशाचे म्हणून ठेवलेले सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शनही चालेना. शहरातील लतीफाबाद आणि कासिमाबाद या भागांत रुग्ण अधिक होते, आणि तेथे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याचे आढळले. पुढे हा ताप कराचीत आणि अन्यत्र पसरला, रुग्णांची संख्या हजारांत गेली. हाती उरली अवघी दोन शस्त्रे: तोंडाने घ्यायचे अझिथ्रोमायसिन, आणि शिरेतून द्यावी लागणारी महागडी कार्बापेनेम गटातील औषधे.

या जीवाणूची संपूर्ण जनुकीय लिपी कराचीतील आगा खान विद्यापीठ आणि इंग्लंडमधील सँगर संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी वाचली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देण्याचे सामर्थ्य या जीवाणूने स्वतः कमावलेले नव्हते. ते त्याला एका प्लाझ्मिडावरून आयते मिळालेले होते, आणि हुबेहूब तसेच प्लाझ्मिड पूर्वी ई. कोलाय या जीवाणूत सापडलेले होते. ई. कोलाय म्हणजे तुमच्या-माझ्या आतड्यात जन्मभर मुक्काम ठोकून असलेला, एरवी फारसा उपद्रव न देणारा पाहुणा. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी आणि हा ई. कोलाय यांच्या वंशशाखा अंदाजे दहा कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. एवढ्या दुराव्यानंतरही एकाने दुसऱ्याला आपल्या चिजवस्तूंतील सर्वांत मौल्यवान वस्तू देऊन टाकली. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, हे सांगता येत नाही. परंतु हे दोन जीवाणू दाटीवाटीने एकत्र येण्याच्या जागा दोनच: माणसाचे आतडे आणि त्या आतड्यातून निघालेले वाहून जाते ती मोरी.

प्लाझ्मिड हा शब्द आता शालेय पुस्तकांतही आलेला आहे, तरी थोडा उलगडा करतो. जीवाणूचा मुख्य संसार त्याच्या गुणसूत्रावर लिहिलेला असतो. त्याखेरीज अनेक जीवाणूंपाशी डीएनएची लहानशी, बहुधा वर्तुळाकार, सुटी कडी असते. तिच्यावाचून रोजचे जगणे अडत नाही. अडचणीच्या काळात मात्र ती उपयोगी पडते. जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये अशा सुट्या कड्यांना प्लाझ्मिड हे नाव दिले. त्याआधी १९४६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एडवर्ड टेटम यांच्यासोबत काम करताना त्याने जीवाणू एकमेकांना जनुके देतात हे दाखवून दिले होते. तोवर जीवाणू म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार होत जाणारे एकलकोंडे प्राणी असा समज होता. १९५८ चा नोबेल पुरस्कार त्याला मिळाला तो या कामासाठी.

देवघेव होते ती अशी. ज्याच्याजवळ प्लाझ्मिड आहे तो जीवाणू एक बारीक तंतू बाहेर काढतो, शेजाऱ्याला पकडतो आणि जवळ ओढतो. मग प्लाझ्मिडाच्या दुहेरी धाग्यापैकी एक धागा पलीकडे सरकतो. दोघेही आपापल्या एकेरी धाग्याची जोड पुरी करून घेतात. म्हणजे देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. विद्येबद्दल आपण जे म्हणत आलो ते येथे अक्षरशः खरे आहे. शिवाय घेणाराही लगेच देणारा बनतो. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना मी दरवर्षी हा प्रयोग निरुपद्रवी जातींवर मुलांकडून करून घेत असे. दोन नळ्यांतील जीवाणू एकत्र करायचे, थोडा वेळ न हलवता ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत काय उगवले ते पाहायचे. आदल्या दिवशी त्या औषधावर मरणारे जीवाणू आज ठिपक्याठिपक्यांनी त्याच औषधावर वाढलेले दिसत. “सर, लागलं लग्न!” असे एखादा तरी पोरगा ओरडेच. उपमा वाईट नव्हती. फरक इतकाच, की माणसांच्या सोयरिकीत जात, गोत्र, पत्रिका, हुंडा असे शंभर अडथळे असतात, आणि येथे एकही नाही. काही प्लाझ्मिडे जवळच्या नातलगांतच फिरतात हे खरे. पण काही अशी आहेत की ती कोणाच्याही घरात सुखाने नांदतात.

या प्रकरणाचा आणखी एक भाग आहे, आणि माझ्या मते तोच जास्त घातक आहे. प्लाझ्मिडावर एकच जनुक क्वचित असते. जनुके इकडून तिकडे उड्या मारत मारत त्याच्यावर एकामागून एक जमत जातात. त्यामुळे प्लाझ्मिड म्हणजे किल्ल्यांचा जुडगा होऊन बसतो. पाच-सहा औषधांची कुलुपे उघडणाऱ्या किल्ल्या एकाच कडीत. यांतले कोणतेही एक औषध वापरले, की जुडगा बाळगणारेच तगतात, आणि न वापरलेल्या बाकीच्या औषधांच्या किल्ल्याही त्यांच्याबरोबर आपोआप वाढतात. एक औषध जपून ठेवावे आणि दुसरे सढळ वापरावे, हा आपला हिशेब येथेच चुकतो.

ही गोष्ट जगाला प्रथम कळली ती जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे हगवणीच्या साथी होत्या, आणि शिगेला जीवाणूंनी होणाऱ्या त्या हगवणीवर प्रथम सल्फा औषधे धडाक्याने वापरली गेली. ती बोथट झाली तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकदम चार औषधांना न जुमानणारे शिगेला सापडू लागले. कोडे असे, की एकाच साथीत, कधी कधी एकाच रुग्णात, चारही औषधांना मरणारे आणि चारही औषधांना न मरणारे असे दोन्ही प्रकार मिळत. मधला प्रकार नाही. एकेक गुण हळूहळू कमावला असता, तर एकाला, दोघांना, तिघांना तोंड देणारे जीवाणू वाटेत दिसायला हवे होते. त्याच रुग्णांच्या विष्ठेतील ई. कोलायदेखील चारही औषधांना पुरून उरत होते. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचियाई यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हे दोन जीवाणू एकत्र वाढवून दाखवले, आणि प्रतिकार जसाच्या तसा, एकगठ्ठा, एका जातीतून दुसरीत जातो हे सिद्ध केले. हे काम बहुतांशी जपानी भाषेत छापलेले असल्यामुळे पाश्चात्त्य जगाने त्याकडे लक्ष दिले नाही. केयो विद्यापीठातील त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत त्याचा सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा कोठे खळबळ उडाली. त्यांनी यासाठी संसर्गजन्य आनुवंशिकता असा शब्दप्रयोग केला. आनुवंशिकता आणि तीही संसर्गजन्य! बापाकडून मुलाला मिळायची ती गोष्ट शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला मिळते, हे त्या दोन शब्दांत बसवले आहे.

मग औषधांपूर्वी हे प्लाझ्मिड नव्हतेच की काय? याचे उत्तर फार सुंदर रीतीने मिळाले. ई. जी. डी. मरे नावाच्या जीवाणुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात निरनिराळ्या देशांतून, आपल्या हिंदुस्थानातूनही, गोळा केलेले शेकडो जीवाणू नळ्यांत बंद करून जपून ठेवलेले होते. यांतील बहुतेक प्रतिजैविकांचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीचे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील नेओमी डट्टा आणि त्यांच्या सहकारी ह्यूज यांनी ते जागे केले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे चौथ्या हिश्श्यात एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी प्लाझ्मिडे होती, पण त्यांच्यावर औषधांना तोंड देणारी जनुके मात्र आढळली नाहीत. म्हणजे गाड्या तेव्हाही धावत होत्या, पण रिकाम्या. माल आपण भरला, आणि तोही फक्त ३०-४० वर्षांत.

“आपण” असे मी मुद्दाम म्हणतो. माल भरण्यात डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण यांचा वाटा आहेच. पण कोर्स पुरा न करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारे एक गोष्ट विसरतात. प्रतिजैविकाची गोळी गिळली, की ती फक्त आजाराच्या जीवाणूकडे जात नाही. आतड्यातील अब्जावधी निरपराध जीवाणूंवर तिचा मारा होतो, आणि त्यांच्यात जुडगा बाळगणारे निवडले जातात. कोर्स इमानदारीने पुरा करणाऱ्याच्या आतड्यातही हे घडते. (म्हणून कोणी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत, मी औषधोपचार सांगायला बसलेलो नाही.) ते जीवाणू सकाळी मोरीवाटे बाहेर पडतात. आता ते कोठे जातात आणि कोणाला भेटतात, हा प्रश्न त्या रुग्णाच्या हातचा राहिलेला नसतो. तो नगरपालिकेच्या हातचा असतो.

विषमज्वराची आपल्याकडील कहाणी या नजरेने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या तापावर चालते असे दिसले, आणि घरोघरी एकवीस दिवस उशाशी बसून काढण्याचा काळ संपला. १९७२ मध्ये मेक्सिकोत मोठी साथ आली ती या औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूची. त्याच वर्षी केरळात कालिकतलाही असा जीवाणू आढळला, आणि त्याचा प्रतिकार दुसऱ्या जीवाणूला देता येण्याजोगा आहे हे तेथील संशोधकांनी लगेच दाखवून दिले. १९९० च्या सुमारास तिन्ही जुन्या औषधांना एकदम नकार देणारा विषमज्वर देशभर पसरला. यामागे ज्या जातीची प्लाझ्मिडे होती, त्यांची एक खोड विलक्षण आहे. ती माणसाच्या शरीराच्या ३७ अंश तापमानात एका जीवाणूतून दुसऱ्यात फारशी जात नाहीत. २२ ते ३० अंशांच्या दरम्यान मात्र ती उत्साहाने हिंडतात. २२ ते ३० अंश म्हणजे काय? आपल्याकडच्या उघड्या नाल्यातले, पावसाळ्यात तुंबलेल्या डबक्यातले, गळक्या जलवाहिनीभोवतीच्या चिखलातले पाणी. एखादा चित्रकार प्लाझ्मिडाचे लग्नमंडप काढायला बसला, तर त्याने आमच्या कोणत्याही शहरातील जुन्या वस्तीत जाऊन बसावे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिन निष्प्रभ झाले, ते बहुतांशी अशा सोयरिकीमुळे नव्हे. जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रात बदल झाला आणि तो अति वापरामुळे निवडला गेला. तेथे जुना आरोपी खराच आरोपी आहे. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागे पडल्यावर आपल्याकडील पुष्कळशा विषमज्वराच्या जीवाणूंनी तो जड जुडगा टाकून दिला, आणि जुनी औषधे पुन्हा लागू पडू लागली. संयमाचे फळ मिळते, नाही असे नाही. चीनमधून याचा मोठा दाखला मिळाला. तेथे डुकरांची वाढ जोमाने व्हावी म्हणून खाद्यातून कोलिस्टिन देत. शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांनी राखून ठेवलेले हे औषध. त्याला निकामी करणारे जनुक प्लाझ्मिडावर बसल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले. तपासलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, आणि रुग्णालयातील १,३२२ रुग्णांच्या नमुन्यांपैकी १६ मध्ये ते होते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले, आणि पुढील काही वर्षांत त्या जनुकाचे प्रमाण खाली आले. आपल्या सरकारनेही जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन देण्यास बंदी केली. या निर्णयाचे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही.

परंतु सिंधमधील जीवाणूने याहून हुशारी केली. जुन्या औषधांच्या किल्ल्या त्याने जुडग्यातून काढून थेट गुणसूत्रात, म्हणजे घराच्या भिंतीत, चिणून ठेवल्या होत्या. आता औषध बंद करा किंवा चालू ठेवा, त्या कोठे जात नाहीत. रिकाम्या झालेल्या हातात त्याने नवा जुडगा घेतला. अशा शत्रूपुढे संयम हा एकच उपाय पुरणार नाही.

हा सगळा सीमेपलीकडचा मामला आहे अशी समजूत कोणाची असेल, तर मुंबईकडे पाहावे. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना न जुमानणारा विषमज्वराचा जीवाणू मुंबईत फिरत असल्याचा शोधनिबंध २०२२ मध्ये छापून आला. त्या जीवाणूजवळचे प्लाझ्मिड सिंधमधल्या प्लाझ्मिडाहून सर्वस्वी वेगळ्या कुळातले होते, जनुकही वेगळे. म्हणजे तो कोणाच्या सामानातून येथे आलेला नव्हता. दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या सोयरिकी, आणि निष्पन्न मात्र एकच. योगायोग एकदा घडतो. पुन्हा घडला तर त्या जागेत काहीतरी आहे असे समजावे.

जागेचा प्रश्न आपल्यापुढे २०१० मध्ये अगदी दारात येऊन उभा राहिला होता. आपण त्याचे काय केले ते आठवून पाहण्यासारखे आहे. कार्बापेनेम औषधांना निकामी करणारे एक जनुक, भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या जीवाणूत २००८ मध्ये सापडले होते. त्याला न्यू डेल्ही हे नाव जोडून एनडीएम-१ असे म्हटले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील रुग्णांबाबतचा निबंध आला आणि आपल्याकडे एकच कल्लोळ झाला. राजधानीची बदनामी, परदेशी रुग्णांना भारतापासून दूर ठेवण्याचा कट, असे संसदेपर्यंत बोलले गेले. नाव देण्यात औचित्य नव्हते हे मलाही मान्य आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे हा गदारोळ उठण्याच्या पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच देशातील वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की त्यांच्याकडे काही महिन्यांत मिळालेल्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जीवाणूंपैकी २२ मध्ये हे जनुक आहे. तेव्हा कोणाचा स्वाभिमान जागा झाला नाही. आपल्या माणसाने आपल्या घरात सांगितले की ते ऐकू येत नाही, आणि परक्याने चव्हाट्यावर सांगितले की कान किटतात, हा आपला जुना आजार आहे.

एप्रिल २०११ मध्ये आलेला पुढचा निबंध तर वादात जवळजवळ बुडूनच गेला. तो रुग्णालयांविषयी नव्हताच. दिल्लीच्या रस्त्यांवरील साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने आणि सार्वजनिक नळांचे ५० नमुने तपासले गेले होते. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत ते जनुक मिळाले. ज्या जीवाणूंत ते पूर्वी कधी आढळले नव्हते, अशा ११ जातींत ते पोहोचलेले होते. त्यांत हगवणीचा शिगेला होता आणि पटकीचा जीवाणूही होता. आणि या प्लाझ्मिडांची देवघेव सर्वांत जोरात चालत होती ती ३० अंशांना. नळाचे ५० पैकी २ हा आकडा लहान वाटेल. पण रुग्णालयात कधी पाऊल न टाकलेला, आयुष्यात प्रतिजैविक न घेतलेला माणूसही त्या नळाचे पाणी पितो. त्याला कोणता कोर्स पुरा करायला सांगणार?

यानंतर आपण काय केले? १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू झाली. ४६ औषधे त्यात घातली गेली, आणि ती विकताना दुकानदाराने निराळी नोंदवही ठेवावी असे ठरले. निर्णय योग्यच होता. पण पाण्याविषयीच्या निबंधाला हे नोंदवहीचे उत्तर झाले. त्याहून विचित्र प्रकार औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा. तेलंगणातील हैदराबादजवळ पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही हे प्रमाण अधिक. अशा पाण्याच्या मर्यादा ठरवणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र त्या मर्यादा नव्हत्या. गोळी अर्धी टाकणाऱ्या रुग्णाला आपण ज्या आवाजात दटावतो, त्याच्या शतांशाने तरी हा प्रश्न कोणी विचारला का?

मी सांगतो ते केवळ एका शिक्षकाचे तर्कट नव्हे. ऑस्ट्रेलियातील पीटर कॉलिग्नन आणि सहकाऱ्यांनी १०३ देशांची माहिती ताडून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला, की जीवाणूंतील औषधविरोध कोणत्या देशात किती आहे, याचा संबंध तेथील औषधांच्या खपापेक्षा सार्वजनिक सुविधा आणि कारभार यांच्याशी अधिक जुळतो. भारतीय माणूस दरडोई प्रतिजैविके अनेक श्रीमंत देशांतील माणसापेक्षा कमीच घेतो, तरी येथे औषधविरोध जास्त, या कोड्याचा उलगडाही त्यातच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरांवर. उरलेले ७२ टक्के नदीत, नाल्यात, खाडीत. आणि त्याच नाल्यांच्या पोटातून आमच्या कित्येक शहरांत पिण्याच्या पाण्याचे नळ गेलेले आहेत. पाणी दिवसाचे तास-दोन तास येते. उरलेला वेळ नळात दाब नसतो, आणि जेथे सांधा सैल असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. चोवीस तास पाणी ही आपल्याला चैनीची गोष्ट वाटते. ती खरे तर औषध टिकवण्याची गोष्ट आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. भुयारी गटारे बांधायला दशके लागतील, पैसा प्रचंड लागेल, तोवर काय? तोवर लस. जीवाणूजवळ किल्ल्यांचा केवढाही जुडगा असो, लसीपुढे तो कामाचा नाही, कारण लसीचे कुलूप निराळे आहे. येथे दुसरे हैदराबाद, म्हणजे आपले, कामी आले. तेथील भारत बायोटेकने बनवलेल्या विषमज्वरावरील लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्याचे २०१८ च्या सुरुवातीला जाहीर झाले. ती सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. सिंधच्या हैदराबादेत साथ रोखायला तीच वापरली गेली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने ती नेहमीच्या लसीकरणात घेतली. असे करणारा तो जगातला पहिला देश. एका हैदराबादेतील जीवाणूला दुसऱ्या हैदराबादेतील लस, आणि मधली सीमा तिने विनासायास ओलांडली! या बातमीला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी एखादा रकाना अधिक द्यायला हरकत नव्हती.

आपल्या राज्यातही याचे उदाहरण आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये आपल्या काही भागांतील एक लाखाहून अधिक मुलांना ही लस टोचली. सार्वजनिक यंत्रणेने राबवलेली अशा प्रकारची ती पहिली मोहीम. ज्यांना लस टोचली त्यांना विषमज्वर होण्याचे प्रमाण बरेच कमी झाल्याचे पुढील अभ्यासांत दिसले. प्रत्येक टळलेला ताप म्हणजे एक न घेतलेले प्रतिजैविक, आणि एका आतड्यात न झालेली निवड. तरी लसीचीही मर्यादा आहे. ती विषमज्वर थांबवते; नाल्यातील देवघेव थांबवत नाही. टायफॉइडच्या जीवाणूला बंद झालेले दार शिगेलाला उघडेच असते.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. कोविडच्या काळात आपल्या शहरांनी सांडपाण्याचे नमुने घेऊन विषाणू मोजायला शिकून घेतले. माणसे, बाटल्या, यंत्रे तयार आहेत. त्याच बाटल्यांत ही जनुकेही मोजता येतात, विभागवार मोजता येतात, आणि कोणत्या विभागात जलवाहिनी आधी बदलावी, लस आधी कोठे न्यावी, हे त्यावरून ठरवता येते. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईचे आकडे महापालिका मोठ्या उत्साहाने प्रसिद्ध करतात: अमुक नाल्यातून इतके टन गाळ, तमुक नाल्यातून तितके. त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, आणि त्या नाल्याच्या पाण्यात एनडीएम-१ सापडले की नाही, एवढेच ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावे. आणि तो तक्ता आरोग्य अधिकाऱ्याच्या आणि पाणीपुरवठा अभियंत्याच्या टेबलावर एकाच दिवशी जावा.